हात चालत नाहीत, तरी रेडिओ चालतो

आकाशवाणी आपण घरोघरी ऐकतो. हौशी रेडिओत, म्हणजे 'हॅम रेडिओ'त, घरातला माणूस स्वतः बोलतो आणि शेकडो मैलांवरचा माणूस त्याला उत्तर देतो. मध्ये ना टेलिफोनची तार, ना मोबाइलचा टॉवर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हॅम मंडळींनी तेथून निरोप पोचविले. २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद यांनी हेच काम केले.

आता प्रश्न असा, की ज्याचे हात अपघातात किंवा पोलिओत गेले, ज्या मुलीला डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना हे जमेल काय? जमते. इंग्लंडात अंध व अपंग हॅमसाठी १९५४ पासून स्वतंत्र संघटना आहे. अमेरिकेत 'हँडीहॅम' नावाचा उपक्रम १९६७ साली सुरू झाला. (सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' म्हणतात. शब्द बदलला, पायऱ्या मात्र अजून तशाच आहेत.) शिवाय या छंदात समोरच्याला तुमची खुर्ची दिसत नाही. ओळख परवान्यावरच्या संकेतनामाने होते, ते आपल्याकडे बहुधा 'व्हीयू टू' किंवा 'व्हीयू थ्री'ने सुरू होते. आडनाव विचारण्याचा तेथे रिवाज नाही.

हॅमच्या यंत्रात बोलताना एक बटण दाबून धरावे लागते आणि ऐकताना सोडावे लागते. हात नसलेल्याची पहिली अडचण येथेच येते. त्यावर 'व्हॉक्स' ही सोय बहुतेक मोठ्या यंत्रांत असते. माणूस बोलू लागला की यंत्र आपोआप प्रक्षेपण सुरू करते, थांबला की थोड्या वेळाने बंद करते. कानावर हेडफोन आणि तोंडापाशी माइक बसवला की हात लागत नाही. मात्र उन्हाळ्यात नागपुरातल्या घरात कूलर चालू असतो. त्याच्या घरघरीने किंवा कुकरच्या शिटीनेही व्हॉक्स जागा होतो. म्हणून त्याची संवेदनशीलता कमी ठेवावी, माइक ओठांच्या अगदी जवळ घ्यावा.

आमच्या मते पाय चालत असेल तर पायाचे बटण अधिक बरे. दाराच्या घंटीचे साधे बटण लाकडी पाटीवर बसवून त्याच्या दोन तारा माइकच्या जोडणीला नेता येतात. वस्तीतला रेडिओ दुरुस्त करणारा मुलगा हे करून देईल. पाय चालत नसेल तर तेच बटण कोपराशी, गुडघ्याशी किंवा उशीजवळ डोक्याशी ठेवावे. घरच्या विजेचा त्याच्याशी संबंध येता कामा नये.

ज्याला बोलताही येत नाही, त्याच्यासाठी मोर्सची कट्ट-कडकट्ट आहे. इलेक्ट्रॉनिक 'कीयर'ला दोन स्विच असतात. एकाला स्पर्श केला की टिंब, दुसऱ्याला केला की रेघ. लांबी यंत्रच मोजते. नळीत फुंकून आणि ओढूनही हे करता येते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या अमेरिकेतील टानिया फिनलेसन या डोक्याशी लावलेल्या स्विचांनी मोर्स देऊन बोलतात. २०१८ साली गूगलने मोबाइलवर मोर्सचा कीबोर्ड दिला, त्यात त्यांचा वाटा होता.

अंधांना तर मोर्स कानानेच शिकायचा असतो, तेथे डोळसाला जास्त फायदा नाही. आकडे दिसत नसतील तर काही यंत्रे बटण दाबताच कोणत्या लहरीवर आहोत ते बोलून सांगतात. संगणकाला यंत्र जोडले तर 'एनव्हीडीए' हा पडदा वाचणारा मोफत प्रोग्राम पुष्कळ काम करतो.

परवान्याशिवाय यंत्र चालविणे गुन्हा आहे. परीक्षा केंद्राचा दूरसंचार विभाग घेतो, वय १२ पूर्ण लागते, आणि 'रिस्ट्रिक्टेड' श्रेणीला मोर्सची अट नाही. लेखनिक किंवा तळमजल्यावरची खोली हवी असेल तर अर्जाबरोबरच लेखी मागावी; ऐनवेळी तोंडी विनंती करून निभाव लागत नाही.

एक गोष्ट घरच्यांसाठी. एरियलची तार गच्चीवर असते आणि पावसाळ्याच्या तोंडावर विदर्भात विजा फार पडतात. वादळात ती तार यंत्रातून काढून घराबाहेर टाकावी लागते. अंथरुणावरच्या माणसाला ते जमणार नाही, म्हणून घरातल्या एकाने ते काम अंगावर घ्यावे, आणि गडगडाटाची वाट न पाहता ढग दिसताच करावे.