गिऱ्हाईक जिथे, बाजार तिथे



आमचे मॉसन लेक्स म्हणजे अॅडलेडच्या उत्तरेकडचे एक उपनगर. अंटार्क्टिकाचे संशोधक डग्लस मॉसन यांच्या नावावरून ते नाव पडले. निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी इथे बाळांच्या गोधड्या शिवायला घेतल्या. शिवण एकीची, हिशेब आणि पोस्टाच्या फेऱ्या दुसऱ्याच्या. कोकणातल्या मावश्या-आत्यांकडून शिकलेला तोच बारीक धावदोरा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना आवडल्या, तेव्हा वाटले, सिंगापूर-मलेशियाला विकू. तिथे घरोघरी ए.सी., बाळाला पातळ पांघरूण लागतेच.

साठवलेल्या पैशांतून कापड आणले, चाळीस गोधड्या तयार केल्या आणि एका जगप्रसिद्ध परदेशी साइटवर मांडल्या. चार महिन्यांत खपल्या किती? तीन! त्यातल्या दोन नात्यागोत्यातल्यांनीच घेतल्या. कपाट भरलेले आणि पैसे अडकलेले. घरात थोडी बोलाचालीही झाली, खोटे कशाला सांगा!

मग डोके शांत ठेवून विचार केला. आपले वाडवडील कुलाबा जिल्ह्यात तेलाचा घाणा चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. कुठल्या गावचा बाजार कुठल्या वारी, तिथे रोखीने घेतात की उधारीने, हे ठाऊक असल्याशिवाय ते तेलाचा डबा घेऊन निघत नसणार. आम्ही मात्र बाजार न पाहताच दुकान मांडले होते.

हीच चूक मोठमोठ्यांनीही केली आहे. ईबेने २००३ साली चीनमधली ईचनेट ही कंपनी पूर्णपणे विकत घेतली. त्याच वर्षी तिथलेच ताओबाओ सुरू झाले. ताओबाओने विक्रेत्यांकडून फी घेतली नाही, गिऱ्हाइकाला विक्रेत्याशी थेट गप्पा मारायची सोय दिली आणि माल हाती पडेपर्यंत पैसे मध्ये सांभाळून ठेवणारी अलीपे काढली. २००६ च्या अखेरीस ईबेला तिथली साइट गुंडाळावी लागली. उलट बाजूही आहे बरं का! शॉपी ही सिंगापूरची साइट २०१५ पासून आग्नेय आशियात भरभराटीला आली, पण २०२१ मध्ये भारतात उतरून मार्च २०२२ मध्ये परतली. म्हणजे एका ठिकाणचा घरचा बाजार दुसरीकडे परकाच.

सिंगापूरला स्थायिक असलेल्या आमच्या भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मामी, इथले लोक शॉपी आणि लझाडावर बघतात. तुम्ही मांडलंय तिथे कोण येणार?" तिचे स्वतःचे नोंदणी केलेले छोटे दुकान आहे. तिच्याकडे एकदम वीस गोधड्या पाठवल्या. एकेक पाठवताना टपालखर्च किमतीच्या निम्म्यावर जात होता, तो एकदम उतरला. परत आलेला मालही तिथेच राहतो.

मलेशियासाठी मालाचे नाव बदलले. 'गोधडी' किंवा इंग्रजी शब्द कोण शोधणार? तिथे म्हणतात 'सेलिमुत बायी', म्हणजे बाळाचे पांघरूण. नऊ सप्टेंबर, अकरा नोव्हेंबर आणि बारा डिसेंबर हे तिथले मोठ्या सवलतींचे दिवस. त्याआधी माल पोचलेला बरा.

कायदाही आधी बघावा. सिंगापूरने १ जानेवारी २०२३ पासून परदेशातून येणाऱ्या स्वस्त मालावरही जी.एस.टी. लावला. मलेशियाने १ जानेवारी २०२४ पासून पाचशे रिंगिटपर्यंतच्या अशा मालावर दहा टक्के कर लावला. इंडोनेशियाचा मोह आम्हालाही झाला होता. पण तिथल्या सरकारने २०२३ मध्ये नियम केला की, परदेशातून साइटवरून थेट विकायच्या मालाची किंमत नगामागे किमान शंभर अमेरिकन डॉलर हवी. आमची गोधडी त्यात कुठे बसायची! तो नाद सोडला.

तेव्हा कुणी असा उद्योग करणार असाल तर आधी चार गोष्टी विचारा. तिथली माणसे खरोखर कुठे खरेदी करतात? परदेशी विक्रेत्याला ती साइट घेते की तिथली नोंदणी आणि बँक खाते मागते? कमिशन, कर आणि टपाल जाऊन हातात काय उरते? आणि माल परत आला तर ठेवायचा कुठे? उत्तरे मिळेपर्यंत दहा नगांच्या वर माल करू नका. आम्ही चाळीस केले, तेच चुकले.

आता कपाटात सहाच गोधड्या उरल्या आहेत. नफा म्हणाल तर थोडकाच. पण कापडाचे पैसे सुटले आणि घरातली बोलाचालीही थांबली. उरलेल्या सहांपैकी एक येत्या नातवासाठी बाजूला काढून ठेवली आहे. ती काही विकायची नाही!