तारांचा पूल झुलत नाही

पुलाला तारा दिसल्या की लोक त्याला झुलता पूल म्हणून मोकळे होतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या ‘मिसिंग लिंक’वर, लोणावळ्याजवळच्या टायगर व्हॅलीत उभारलेल्या पुलाच्या वाट्यालाही हेच नाव आले. पूल सुमारे 650 मीटर लांब, मनोरे सुमारे 182 मीटर उंच. ऋषिकेशच्या लक्ष्मण झुल्यात मोठी तार एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत सोडलेली असते आणि वाट तिला टांगलेली असते. इथे तशी तारच नाही. प्रत्येक तार मनोऱ्यापासून थेट रस्त्याच्या तुळईपर्यंत ताणून बसवलेली. बांद्रा-वरळी सागरी सेतूही याच जातीचा.

दरी खोल असली की खांब उभारताच येत नाहीत, हाही एक पक्का समज. फ्रान्समधल्या टार्न नदीच्या दरीवरचा मियो पूल तो खोटा पाडतो. 2004 साली पूर्ण झालेल्या या पुलाखाली सात खांब आहेत आणि सर्वांत उंच खांब 245 मीटरचा. अडचण असते ती तीव्र उताराची. तिथे प्रत्येक जादा खांब म्हणजे यंत्रे उतरवायला वाट, खडकात खोदाई, दरड कोसळण्याची धास्ती. तारांमुळे दोन खांबांमधले अंतर वाढवता येते, म्हणून खांब कमी लागतात.

बांधकामाबद्दलचा घोळ तर मजेशीर आहे: आधी तारा ओढायच्या, मग रस्ता टांगायचा! प्रत्यक्षात सहसा मनोरा आधी चढतो. मग त्याच्या दोन्ही बाजूंना रस्त्याचा एकेक तुकडा जोडत, त्याला तार लावत पुढे सरकायचे. कावडीच्या दोन टोकांसारखा तोल राखावा लागतो; एका बाजूचे काम फार पुढे गेले की मनोरा वाकू पाहतो. दोन टोके मध्यावर जुळेपर्यंत वारा हा मोठा शत्रू. मियोला मात्र वेगळाच मार्ग धरला. दोन्ही काठांवर पोलादी तुळई जुळवून ती हायड्रॉलिक जॅकने खांबांवरून पुढे ढकलली.

आणि एक तार तुटली तर सगळे कोसळेल का? तार एकसंध नसतेच, ती पोलादी दोरांची जुडी असते. एखादी तार निकामी झाली तरी तिचा भार शेजारच्या तारा पेलतील, असा हिशेब आराखड्यातच धरलेला असतो. शिवाय तार बदलताही येते. खरी काळजी असते तार जिथे अडकवलेली असते त्या टोकांची. तिथे पाणी शिरून गंज धरला, तर बाहेरून पटकन कळत नाही. त्यामुळे पूल सुरू झाल्यावरही ही टोके वारंवार तपासावी लागतात.