टॅब्लेटची पारख

सांगलीच्या हळदपेठेतला हमाल किंवा साताऱ्याच्या बाजारातला मापाडी नुसत्या रूपावरून मालाची किंमत करीत नाही. टॅब्लेटचेही तसेच आहे. २०१० सालचा पहिला आयपॅड ६८० ग्रॅमचा. त्याला यूएसबीची खाच नव्हती. २०११ सालचा स्वस्त ‘आकाश’ सुमारे ३५० ग्रॅमचा. त्याला यूएसबीच्या दोन खाचा होत्या, पण गती मंद, आणि पडदा दाबून चालवावा लागे. म्हणजे वजन व खाचा जमल्या, तरी रोजचे काम अडतेच. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या टॅब्लेटना यूएसबी-सी सक्तीची केली. एका चार्जरवर भागावे, हा त्यातला हेतू. आम्ही कामगारबंधूंना एवढेच सांगतो : वर्गणीच्या पैशांतून टॅब्लेट घ्याल, तेव्हा तो हातात धरून पाहा, खाच पाहा आणि दुकानातच पगारपत्रक उघडून पाहा. रोज उपयोगी पडेल तोच स्वस्त.