टी.डी.एस. मीटरला सोमल दिसत नाही



हल्ली गट ऑफिसात बरेच जण खिशातनं टी.डी.एस. मीटर काढून दाखवतात. "साहेब, बोअरचं पाणी तीनशेच्या आत आहे, प्यायला काय हरकत?" हा मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहतो आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. कृष्णाकाठच्या खारवट रानांत उसासाठी तेवढं उपयोगी आहे. पण पाण्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक, आहे का हे त्याला कळत नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरात एक दशांश ग्रॅम! त्याला चव नाही, वास नाही. उकळूनही तो जात नाही.

साखर धंद्याला हा विषय नवा नाही. १९०० साली इंग्लंडात मँचेस्टर भागात बिअर पिऊन हजारो लोक आजारी पडले. बिअरसाठीची साखर तयार करताना वापरलेल्या गंधकाम्लातच सोमल होता. पुढे १९०३ मध्ये थॉर्प या रसायनशास्त्रज्ञाने तो विजेने पकडायची रीत मांडली. आधी हायड्रोजन काढायला जस्त घालत, पण कित्येकदा जस्तातच सोमल असे. म्हंजे राखणदारच चोर!

आता सोन्याचा इलेक्ट्रोड वापरतात. ठराविक व्होल्टेज देऊन पाण्यातला सोमल आधी सोन्यावर जमवायचा, काहिलीभर रस आटवून ढेप करावी तसा. मग व्होल्टेज उलट दिशेने वाढवत न्यायचं. सोमल सुटताना जो प्रवाह वाहतो, त्यावरून प्रमाण निघतं. मात्र पाण्यात तांबं असलं तर आकडा फसतो. म्हणून तांब्याच्या घागरीतलं पाणी नमुन्याला आणू नका.

सोमलाचं मोठं दुखणं पश्चिम बंगाल, बिहारकडच्या गाळाच्या जमिनीत आहे. आपल्या सातारा-सांगलीत खाली काळा पाषाण. तेव्हा घाबरून बोअर बंद करायचं कारण नाही. पण वस्तीवरचं तेच पाणी घरची पोरं पितात, ऊसतोडीच्या टोळ्याही पितात. एकदा तपासलेलं बरं. मोटार दहा मिनिटं चालवून स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत नमुना घ्या आणि चिठ्ठीवर 'पिण्यासाठी, आर्सेनिकसह' असं स्पष्ट लिहा. नाहीतर शेतीच्या तपासणीत फक्त सामू आणि क्षारच येतील. नमुने गाळपाआधी आणा. टोळ्या उतरल्या की आमचीही धावपळ असते.

— ऊस विकास अधिकारी