हिरोशिमाची हट्टी गाडी

“आई, गाडी घेतली! माझदा!”

पाचसहा वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ मेलबर्नहून फोनवर अक्षरशः ओरडला. आईला हल्ली जरा कमी ऐकू येते. ती म्हणाली, “तुझीच असणार रे! दुसऱ्याची कशाला घेशील? पण नाव काय तिचं?”

“अगं, तेच नाव! माझदा!”

“बरं बाबा, तुझी तर तुझी,” असे म्हणून आईने फोन माझ्या हाती दिला.

मग जी माहिती कळली तिने घरातला गोंधळ आणखीच वाढला. गाडी १९९१ सालची, म्हणजे तेव्हाच जवळजवळ तीस वर्षांची. डोक्यावर कापडी छप्पर. आणि बसायला जागा फक्त दोन! भावाच्या घरात माणसे चार. “मग उरलेली दोघं काय मागून धावत येणार?” असे आईने विचारले आणि तो प्रश्न मला सर्वस्वी रास्त वाटला. कुटुंबासाठी दुसरी मोठी गाडी दारात होतीच; ही निव्वळ हौस होती.

वाचकहो, मी मराठीचा प्राध्यापक. वाहनांशी माझा संबंध ‘बस गेली का हो?’ एवढे विचारण्यापुरताच. यंत्रावर माणसाने जीव लावावा हे मला कधी समजलेच नाही. वडील गेल्यावर त्यांची स्कूटर जिन्याखाली गंजत उभी होती. २०१२ साली मी ती भंगारवाल्याला अठराशे रुपयांत देऊन टाकली आणि जागा मोकळी केली. तीन महिन्यांनी भाऊ सुटीवर आला. जिन्याखाली पाहून त्याने एवढेच विचारले, “स्कूटर?” मी म्हटले, “दिली.” तो पुढे काही बोलला नाही. मीही विचारले नाही.

गेल्या मे महिन्यात सुटी लागताच मी मेलबर्नला गेलो. तिकडे तेव्हा पानगळ चाललेली. पहिल्याच रविवारी सकाळी पाहतो तो आमचे बंधुराज मऊ फडक्याने ती लाल गाडी पुसत आहेत; आई लहान मुलाचे कान पुसते तशी! मी जरा खोचकपणेच म्हणालो, “या खेळण्यात एवढं आहे तरी काय?”

“दादा,” तो हात न थांबवता म्हणाला, “तू पोरांना कवीचं चरित्र सांगितल्याशिवाय कविता शिकवतोस का? आधी हिचं कूळ जाणून घे.”

शिक्षकाला त्याच्याच शस्त्राने मारले! मी मुकाट्याने वाचायला बसलो. जे वाचले ते मला एखाद्या कादंबरीहून कमी वाटले नाही.

गंमत अशी की ही कंपनी मोटारी काढायला निघालीच नव्हती. ३० जानेवारी १९२० रोजी हिरोशिमात ती जन्मली ती बुचाच्या वस्तू करण्यासाठी. पुढल्याच वर्षी तिची सूत्रे जुजिरो मात्सुदा यांच्याकडे आली. हे कोळ्याच्या घरात जन्मलेले, पोरवयातच ओसाकाला लोहाराच्या हाताखाली उमेदवारी केलेले गृहस्थ. बुचापेक्षा त्यांचा जीव लोखंडात. १९२७ साली कंपनीने आपल्या नावातले बूच काढून टाकले आणि ती नुसती ‘तोयो कोग्यो’ झाली. १९३१ मध्ये तिने मालवाहू तीनचाकी बाजारात आणली. आपल्या रस्त्यांवर एके काळी तीनचाकी टेंपो धावत, त्यांची ही थोरली बहीण म्हणा. तिच्यावर नाव घातले ‘माझदा’.

आणि इथे मी, भाषेचा माणूस, खुर्चीत सरसावून बसलो. कारण हे नाव जपानी नाहीच. ते आहे आपल्या पारशी बांधवांच्या अहुर मझ्दाचे! ज्याच्यासाठी मुंबईपुण्याच्या अग्याऱ्यांत अखंड अग्नी तेवतो तो हा ज्ञानी प्रभू. आपल्या ‘स’चा अवेस्तात ‘ह’ होतो, म्हणून ‘असुर’ तिथे ‘अहुर’. आणि ‘मझ्दा’ म्हणजे संस्कृतातल्या ‘मेधा’ची सख्खी नातलग. संस्थापकाचे आडनाव मात्सुदा याच्याशी मिळते, हाही योग त्यात साधलेला. जपानी लोक गाडीचे नाव लिहितात ते आजही ‘मात्सुदा’ असेच. आपल्याकडे या कंपनीच्या मोटारी विक्रीस आल्या नाहीत. पण ‘स्वराज माझदा’ या नावाच्या छोट्या बसमधून शाळेला गेलेले वाचक पुष्कळ असतील. त्यांना तरी कुठे ठाऊक असेल, की आपण रोज मेधेत बसून शाळेला जात होतो!

मग आले १९४५. सहा ऑगस्टला हिरोशिमावर अणुबाँब पडला. नियतीचा क्रूर विनोद असा, की तो जुजिरो मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस होता. वर्षअखेरपर्यंत त्या शहरातली सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली. मात्सुदा वाचले. कारखाना शहराच्या पूर्वेला फुचू येथे, स्फोटापासून सुमारे पाच किलोमीटरांवर होता. मध्ये हिजियामा नावाची टेकडी आडवी आली, म्हणून तोही बराचसा वाचला. होरपळलेल्यांसाठी तिथे इस्पितळ उघडले. प्रांताचे सरकार बेघर झाले होते, त्याच्या कचेऱ्याही तिथेच थाटल्या. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कारखान्यातून पुन्हा तीनचाकी बाहेर पडू लागल्या. ज्या शहरात ढिगारे उपसायचे आणि घरे उभारायची होती, तिथे ओझे वाहणारे चाक म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

या शहराचे आणि कारखान्याचे सूत तेव्हापासून असे जुळले, की हिरोशिमाच्या लाडक्या बेसबॉल संघाच्या नावात आजही ‘तोयो’ हा शब्द आहे.

पण भाऊ ज्याला ‘कूळ’ म्हणत होता त्याचा खरा अध्याय पुढेच आहे. १९६० साली कंपनीने आपली पहिली मोटार काढली. ती आर-३६०, वजन अवघे ३८० किलो आणि किंमत तीन लाख येन. गाडी खपली. तेवढ्यात सरकारच्या मनात आले, की देशात मोटार कारखाने फार झाले, लहानांनी मोठ्यांत विलीन व्हावे. जुजिरोंचे वारस त्सुनेजी मात्सुदा तेव्हा अध्यक्ष होते. त्यांनी ठरवले, की आपल्यापाशी असे काही हवे जे कुणापाशीच नाही. १९६१ साली त्यांनी जर्मनीतल्या एन.एस.यू. कंपनीशी करार करून फेलिक्स वांकेल यांच्या चक्री एंजिनाचा परवाना घेतला.

हे चक्री एंजिन म्हणजे काय, ते मला भावाने स्वयंपाकघरात समजावले. नेहमीच्या एंजिनात दट्टे खालीवर होतात आणि त्यांच्या हालचालीचे फिरण्यात रूपांतर करावे लागते. इथे दट्ट्याच नाही. दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग डोळ्यांपुढे आणा. कमरेशी किंचित चेपलेली. त्या पोकळीत समोशासारखा फुगीर त्रिकोण गरगरा फिरतो. त्याची तिन्ही टोके भिंतीला सतत घासत राहतात, आणि मध्ये कोंडलेले पेट्रोल जळून त्यालाच पुढे ढकलते. एंजिन लहान, हलके आणि कंपरहित!

ऐकायला सोपे, पण करार करून आणलेल्या एंजिनाचे दुखणे त्या टोकांतच होते. फिरता फिरता ती आतल्या भिंतीवर ओरखडे पाडीत. अभियंते त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणू लागले. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ अभियंते या कामाला जुंपले गेले. धन्यासाठी प्राण देणारे ४७ सामुराई जपानच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. तेव्हा या मंडळींनाही तेच नाव पडले. अखेर कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवून केलेल्या टोकपट्ट्यांनी सैतानाची नखे बोथट केली. ३० मे १९६७ रोजी ‘कॉस्मो स्पोर्ट’ विक्रीस आली. पुढल्या वर्षी जर्मनीत न्युर्बुर्गरिंगच्या ८४ तासांच्या शर्यतीत दोन कॉस्मो उतरल्या. एक ८२व्या तासाला कोलमडली. दुसरी चौथी आली.

हट्टाची किंमत मोजावी लागतेच. चक्री एंजिन पेट्रोल फार पिते. १९७३ साली तेलाचे भाव भडकले, तशी अमेरिकेतली गिऱ्हाइके पाठ फिरवून निघून गेली आणि कंपनी बुडण्याच्या बेतात आली. सुमितोमो बँकेने हात दिला. कारखान्यातले कामगार दारोदार गाड्या विकायला गेले. १९७९ साली अमेरिकेच्या फोर्डने जवळजवळ चौथाई हिस्सा घेतला. शहाणा व्यापारी असता तर त्याने ते एंजिन समुद्रात टाकले असते. यांनी १९७८ साली त्याच एंजिनाची ‘आरएक्स-७’ काढली! आणि १९९१ साली फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत त्यांची नारिंगी-हिरवी ‘७८७-बी’ ३६२ फेऱ्या, म्हणजे ४,९०० किलोमीटरांहून अधिक अंतर धावून पहिली आली. जपानी गाडीने ही शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ. शेवटच्या टप्प्याला चाकावर असलेला जॉनी हर्बर्ट इतका गळून गेला, की त्याला बक्षिसाच्या चौथऱ्यावरही उभे राहता आले नाही.

भावाच्या गाडीत मात्र हे चक्री एंजिन नाही. तिचे एंजिन साधे, दट्ट्याचेच. पण हट्ट तोच. १९७९ च्या सुमारास बॉब हॉल नावाच्या अमेरिकन पत्रकाराने यामामोतोंना सुचवले होते, की जुन्या इंग्रजी धाटणीची हलकी, उघडी, दोनच माणसांची गाडी आता कुणी करीत नाही. ती तुम्ही करा. यामामोतो पुढे अध्यक्ष झाले, आणि १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ‘एमएक्स-५’ अवतरली. ती करणाऱ्यांचे ब्रीद होते ‘जिनबा इत्ताय’, म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव. हिशेबी लोकांनी नाक मुरडले असेल. पण एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली.

एवढे वाचून झाल्यावर भावाने मला डँडेनाँगच्या डोंगरात नेले. त्या गाडीत बसणे म्हणजे जवळजवळ जमिनीवरच बसणे. छप्पर मागे टाकलेले, थंडीने माझे कान लाल, दोन्ही बाजूंना ताडमाड निलगिरीची झाडे. वेग फार नव्हता. पण प्रत्येक वळण मला पाठीत कळत होते. समोरून तसलीच एक गाडी आली. आत सत्तरीचे एक जोडपे. त्यांनी हात हलवला, भावानेही हलवला.

“ओळखीचे?”

“छे! पण ही गाडी असली की एकमेकांना हात करायचाच.”

मग तो सांगत राहिला. अशा गाडीवाल्यांची मंडळे गावोगाव आहेत. जपानात करुइझावाला त्यांची मोठी जत्रा भरते. २०१८ पासून हिरोशिमाच्या कारखान्याने तिथल्या पहिल्या पिढीच्या गाड्या परत घेऊन नव्यासारख्या करून द्यायला सुरुवात केली. त्यासाठी छपराच्या कापडापासून लाकडी स्टिअरिंगपर्यंत जुने भाग पुन्हा घडवले. चक्री एंजिनाची शेवटची ‘आरएक्स-८’ २०१२ साली बंद झाली, तेव्हा सगळे म्हणाले, संपले. २०२३ साली तेच एंजिन विजेच्या गाडीत वीज तयार करायच्या कामाला परत आले. “टाकून देणं यांना जमतच नाही, दादा,” तो म्हणाला.

हे वाक्य त्याने सहजच उच्चारले असेल. मला मात्र लागले. मी म्हटले, “स्कूटर विकण्याआधी मी तुला विचारायला हवं होतं.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. वळण आले, त्याने गिअर बदलला.

“बाबा ती सुरू करण्याआधी जरा तिरपी करायचे, आठवतं? मी मागं उभा राहून धरायचो. ही पहिल्यांदा सुरू केली तेव्हा तेच आठवलं.” मग हसून म्हणाला, “आणि अठराशे फारच कमी! भंगारवाल्यानं फसवलं तुला.”

मी कंपनीचा भाट नव्हे. दोन माणसांची गाडी संसाराला सोयीची नाही, हे माझे मत आजही कायम आहे. पण वस्तूला जीव लावणारा माणूस त्या वस्तूमागच्या माणसांनाच जीव लावीत असतो, एवढे मला त्या डोंगरात उमगले. हिरोशिमाचे ४७ अभियंते काय आणि जिन्याखाली स्कूटर तिरपी करणारे आमचे वडील काय!

परत आल्यावर आईने पहिला प्रश्न केला, “बसलास का रे त्या गाडीत? खरंच दोघांचीच जागा आहे?”

“हो,” मी म्हणालो, “पण आम्ही होतोही दोघंच.”