विजेचे गणित कोण मांडणार?

वळवाचा पाऊस दाटून येतो, ढग कडाडू लागतात, तेव्हा उघड्या रानात कोण असते? खुरपणीला गेलेली बाई, गुरे राखणारे पोर आणि झाडाखाली आडोसा शोधणारा मजूर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २८८७ माणसे मेली. या आकड्यात मेलेल्याची जात लिहिलेली नसते. परंतु २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींच्या काम करणाऱ्या लोकांपैकी ४५ टक्क्यांहून अधिक शेतमजूर निघाले. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याच्या डोक्यावर वीज अधिक पडते, हे समजायला वेगळे संशोधन लागत नाही.

संशोधन लागते ते वीज कोठे पडेल हे सांगायला. आणि ते संशोधन आमच्या पुण्यात, पाषाणला होते. भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने (आयआयटीएम) देशभर ८० हून अधिक ठिकाणी संवेदक बसवले आहेत. वीज चमकली की रेडिओ लहरी निघतात. त्या प्रत्येक संवेदकापर्यंत सेकंदाच्या अगदी सूक्ष्म फरकाने पोहोचतात. त्या फरकावरून वीज नेमकी कोठे झाली याचा हिशेब निघतो. 'दामिनी' नावाचे मोबाइल ॲप त्यावरून २० व ४० किलोमीटरच्या परिघातल्या माणसाला इशारा देते. एकटा संवेदक काहीच सांगू शकत नाही. दूरदूरचे अनेक एकमेकांशी जोडले गेले, की माणसाचा जीव वाचतो.

हवामानाच्या अंदाजाचेही तेच. पृथ्वीभोवतीच्या हवेचे लहान लहान चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातले तापमान, वारा, दाब, बाष्प घेऊन भौतिकशास्त्राच्या नियमांनी पुढच्या काही मिनिटांचे गणित करतात, मग त्यापुढच्या काही मिनिटांचे. हे गणित एका संगणकाला झेपत नाही, म्हणून ते हजारो प्रोसेसरमध्ये वाटून देतात. आयआयटीएममध्ये २०१८ साली 'प्रत्यूष' हा महासंगणक बसला, २०२४ साली त्याहून कितीतरी ताकदीचा 'अर्का' आला. २६ मे २०२५ रोजी 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली, तेव्हा पूर्वीचा १२ किलोमीटरचा चौकोन ६ किलोमीटरवर आला. म्हणजे तालुक्याचा अंदाज आता गावांच्या जवळ येऊन ठेपला.

या विद्येची पाळेमुळेही पुण्यातच आहेत. अमेरिकेने भारताला हवा तसा महासंगणक देण्यास नकार दिला, म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. तिने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. त्याची युक्ती साधी होती. एक राक्षसी मेंदू मिळत नसेल, तर अनेक साधे प्रोसेसर जोडा आणि काम वाटून घ्या. बाबासाहेबांनी १९३६ साली सांगितले होते की जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. 'परम'मध्ये श्रमाची विभागणी होती. कोणता प्रोसेसर वरचा, कोणता खालचा अशी उतरंड तिथे नव्हती, म्हणूनच यंत्र चालले. मग हे यंत्र चालवणाऱ्या आणि त्यासारख्या इतर संस्थांमध्ये उतरंड किती आहे, हे विचारण्याचा आम्हाला अधिकार नाही काय?

हा प्रश्न आमचा आजचा नाही. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सरकारला दिले. त्यात भारतातील विज्ञान व तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी वर्षाला २ लाख आणि परदेशातील अशाच शिक्षणासाठी १ लाख रुपये त्यांनी मागितले. कला शाखेच्या आणि कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे भागणार नाही, विज्ञानाच्या प्रगत शिक्षणाने भागेल, असे त्यांचे म्हणणे होते. बॅरिस्टर माणूस हे सांगत होता! आम्ही मात्र वकील झालो, प्राध्यापक झालो, कवी झालो, अधिकारी झालो. ते आवश्यकच होते. परंतु त्या निवेदनाचे दुसरे पान उलटायचे राहून गेले.

ते केवळ आमच्या आळसाने राहिले, असे म्हणणाऱ्यांनी कायदा वाचावा. केंद्र सरकारच्या २३ जून १९७५ च्या आदेशाने, संशोधन करण्याची व त्याला दिशा देण्याची जी शास्त्रीय व तांत्रिक पदे आहेत, त्यांपैकी 'गट अ'च्या सर्वांत खालच्या पायरीच्या वरची पदे आरक्षणातून वगळण्याची सोय केली. म्हणजे उंबरठ्यापर्यंत या, माजघरात येऊ नका! १९९२ च्या मंडल निकालात सर्वोच्च न्यायालयाने संशोधन संस्थांतील तांत्रिक पदांवर आरक्षण योग्य होणार नाही असे मत दिले, पण कोणती पदे वगळायची हे ठरवणे सरकारवर सोपवले. पुढे केंद्रीय शिक्षणसंस्थांतील प्रवेशांचा २००६ चा कायदा आला आणि अध्यापकांच्या पदांचा २०१९ चा. दोन्हींच्या कलम ४ ने 'उत्कृष्ट' संस्थांची एक अनुसूची करून त्यांना बंधनातून मोकळे केले. त्या अनुसूचीत टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आणि नारायणगावजवळ खोडदला ३० अँटेनांचे संकेत जोडून आकाश वाचणारी जीएमआरटी दुर्बीण याच संस्थेची. जुन्नरच्या मातीत उभी असलेली दुर्बीण जनतेच्या पैशाची, मात्र तिथे आरक्षण देण्याची कायद्याची सक्ती नाही.

उत्कृष्टता म्हणजे आमची गैरहजेरी, अशी व्याख्या कोणत्या घटनेत लिहिली आहे? आणि परिणाम काय झाला? 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये माहिती अधिकारातून मिळालेले आकडे छापले. देशातील पाच आघाडीच्या आयआयटींत सुमारे ९८ टक्के प्राध्यापक तथाकथित उच्च जातींचे निघाले. तिथे तर कायद्याची सूटही नाही. मग जिथे सूट आहे तिथले चित्र वाचकांनीच डोळ्यांपुढे आणावे.

आता करायचे काय? पहिली गोष्ट, १९७५ चा आदेश हा प्रशासकीय आदेश आहे. तो मागे घ्यायला घटनादुरुस्ती लागत नाही. दोन्ही कायद्यांची अनुसूची केंद्र सरकार राजपत्रातील अधिसूचनेने बदलू शकते, तशी तरतूद त्याच कलमात आहे. आमच्या नावावर निवडून आलेल्या खासदारांना हे ठाऊक आहे काय, हे प्रत्येक मतदारसंघात विचारले पाहिजे. दुसरी गोष्ट, चळवळीतील वकिलांनी पुण्यातील प्रत्येक केंद्रीय संशोधन संस्थेकडे माहिती अधिकारात पदनिहाय, श्रेणीनिहाय, प्रवर्गनिहाय आकडे मागावेत. झाडू कोणाच्या हातात आहे आणि कीबोर्ड कोणाच्या, ते कागदावर येऊ द्या.

तिसरी गोष्ट आमच्या घरातली. बोपोडी, औंध, खडकीच्या वस्त्या या संस्थांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. तिथल्या हुशार पोराला एमपीएससीचा क्लास माहीत असतो. पाषाणलाच असलेल्या आयसरमध्ये बारावीनंतर विज्ञानाचा प्रवेश मिळतो, तिथे आरक्षणही आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. गेट, जेस्ट, नेट या परीक्षांतून संशोधनाची दारे उघडतात, हे त्याच्या बापाला कोठून कळणार? बुद्ध विहारात दर रविवारी वंदना झाल्यावर दोन तास गणिताचे आणि भौतिकशास्त्राचे झाले, तर धम्माला बाध येत नाही. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, तपासून पाहा, असे सांगणाऱ्या तथागताची ती पूजाच आहे. आणि पोरगा पीएच.डी.पर्यंत पोहोचला, की अधिछात्रवृत्तीसाठी त्याला आझाद मैदानावर बसावे लागू नये. २०२३ साली बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांवर ती वेळ आली होती.

हवेचे चौकोन उद्या आणखी लहान होतील, अंदाज पाड्यापर्यंत पोहोचेल. पण कोणत्या भाषेत इशारा द्यायचा, ज्या मजुराकडे स्मार्टफोन नाही त्याला तो कसा कळवायचा, रानातल्या बाईने कामाचा खाडा न होता आडोशाला कसे जायचे, हे प्रश्न ज्याची आई रानात राबली त्यालाच आधी सुचतात. म्हणून ही मागणी केवळ नोकऱ्यांची नाही. वीज आमच्यावर पडते, तेव्हा विजेचे गणित मांडणाऱ्या खुर्च्यांवरही आम्ही बसलो पाहिजे.