झारी कोणाच्या हातात?

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या आर्डन हाउस या वृद्धाश्रमात एके दिवशी दोन मजल्यांवर रोपं वाटली गेली. घरात ठेवायची साधी, छोटी रोपं. एका मजल्यावर रोपांचं खोकं सगळ्यांपुढून फिरवलं. रोप हवं की नको, हवं तर कोणतं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं आणि पुढे त्याची काळजीही त्यानंच घ्यायची. दुसऱ्या मजल्यावर परिचारिकेनं प्रत्येकाच्या हातात एकेक रोप दिलं आणि सांगितलं, की पाणी आम्ही घालू, तुम्ही काळजी करू नका. पहिल्या मजल्यावरच्यांना आठवड्याचा सिनेमा गुरुवारी बघायचा की शुक्रवारी, हेही ठरवायला मिळालं. दुसऱ्यांना दिवस नेमून दिला गेला. दोन्हीकडची माणसं ६५ ते ९० वर्षांची होती आणि दोन्हीकडे वागणूक सारखीच प्रेमाची होती. फरक होता तो कोण ठरवणार आणि रोपाला पाणी कोण घालणार, एवढाच.

एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांचा हा प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. तीन आठवड्यांनी पाहिलं तर रोपाची जबाबदारी घेतलेल्यांपैकी ९३ टक्के माणसं एकंदरीत सुधारलेली दिसली. ती जास्त जागी, जास्त बोलकी झाली होती, इतरांच्या खोल्यांत जाऊन बसू लागली होती. ज्यांची रोपं परिचारिका सांभाळत होत्या, त्यांच्यातले ७१ टक्के लोक त्याच तीन आठवड्यांत आणखी खचलेले आढळले. दीड वर्षानंतर पुन्हा मोजणी झाली. पहिल्या गटातल्या ४७ पैकी ७ जण वारले होते, दुसऱ्यातल्या ४४ पैकी १३. मृत्यूंच्या या आकडेमोडीत चूक राहिल्याचं संशोधकांनी पुढे स्वतःच छापून कबूल केलं, आणि दुरुस्तीनंतर तो फरक संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीला पुरता उतरत नाही. म्हणून ‘कुंडी ठेवा, आयुष्य वाढवा’ असं त्यावरून म्हणता येत नाही. पण त्या तीन आठवड्यांत माणसं कशी बदलली, ते विसरता येण्यासारखं नाही.

आपल्याकडे या प्रयोगाचा दुसरा मजला घरोघरी आहे. गावचं घर बंद करून मुलाकडे ठाण्याला किंवा पिंपरीला राहायला आलेले आजोबा सकाळी गॅलरीतल्या कुंड्यांकडे वळतात, तोच आतून आवाज येतो, “बाबा, तुम्ही बसा हो, मी घालते पाणी. ओल्या फरशीवर पाय घसरेल.” त्यात माया असते, भीतीही खरी असते. पण आयुष्यभर परसातला अळूचा वाफा, केळीचं आळं, दारची तुळस सांभाळलेल्या माणसाच्या हातून उरलेलं शेवटचं कामही निघून जातं. मग उरतो टीव्ही आणि जेवणाच्या वेळा.

ही गोष्ट मोजक्या घरांची राहिलेली नाही. २०११च्या जनगणनेत साठी ओलांडलेले भारतीय १० कोटींच्या वर होते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्याशास्त्र संस्थेनं समन्वय केलेल्या ‘लासी’ या प्रचंड पाहणीत ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांहून अधिक माणसांच्या प्रकृतीची नोंद झाली. त्याच पाहणीच्या पोटातून निघालेल्या अभ्यासानं साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के असल्याचा अंदाज दिला. माणसं जगताहेत जास्त. पण कशी जगताहेत, हा प्रश्न आता प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर आहे.

बागकामाचा आणि स्मृतिभ्रंशाचा धागा ऑस्ट्रेलियातल्या डब्बो या गावात सापडतो. न्यू साउथ वेल्सच्या आतल्या भागातलं, मेंढ्या आणि गव्हाच्या मुलखातलं हे गाव. तिथल्या साठीपुढच्या २,८०५ रहिवाशांची नोंद १९८८ साली सुरू झाली आणि पुढची १६ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. रोज बागकाम करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका ३६ टक्क्यांनी कमी आढळला. अशा अभ्यासाबद्दल एक शंका कायम घ्यावी लागते. बागेमुळे डोकं शाबूत राहिलं, की ज्यांचं डोकं शाबूत होतं तेच बागेत टिकून राहिले? संशोधक वय, आजार, सवयी यांचा हिशेब मांडून ही शंका कमी करतात, पुसून टाकू शकत नाहीत. तरीही बागकाम डोक्याला किती काम देतं, याचा विचार करून पाहावा. दोडक्याला फुलं आली, पण फळ का धरत नाही? पानं पिवळी पडली ती पाणी जास्त झाल्यानं, की कमी पडल्यानं? मागल्या खेपेला शेणखत कधी घातलं होतं? बाग रोज नवा प्रश्न घालते आणि कालची आठवण मागते. शब्दकोड्यापेक्षा यात एक गोष्ट जास्त आहे. उत्तर चुकलं की रोप सुकतं.

शरीराचा हिशेब मनापेक्षा सरळ आहे. स्टॉकहोममध्ये साठीच्या सुमारे ४,००० स्त्रीपुरुषांचा साडेबारा वर्षं पाठपुरावा झाला. व्यायामशाळेत न जाताही घरकाम, बागकाम, किरकोळ दुरुस्त्या यांत रोज हालचाल करणाऱ्यांना हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका २७ टक्क्यांनी कमी होता, आणि कोणत्याही कारणानं मृत्यू येण्याचा ३० टक्क्यांनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनांनुसार पासष्टीपुढच्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातले तीन दिवस तोल आणि ताकद सांभाळणारं काहीतरी करावं. खुरपणं, माती हलवणं, आळी करणं, पालापाचोळा गोळा करणं ही कामं त्या मध्यम श्रमात बसतात. कुदळीनं खणणं त्याच्याही वर जातं.

त्यातही हाताची पकड. तिशीनंतर दर दशकाला स्नायू ३ ते ८ टक्के घटत जातात आणि साठीनंतर ही घसरण वेग घेते. बरणीचं झाकण उघडेनासं होतं, ओला टॉवेल पिळवत नाही, तेव्हा ती पहिल्यांदा जाणवते. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार प्रौढांची मूठ मोजणारा ‘प्युअर’ अभ्यास २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. पकड ५ किलोनं कमी असेल, तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त, असं त्यात दिसलं. खुरपं धरणं, कात्री चालवणं, झारी उचलणं, तण मुळासकट उपटणं, ही सगळी मुठीचीच कामं आहेत.

दुसरी गोष्ट जमिनीवर बसण्या-उठण्याची. ब्राझीलमध्ये क्लॉडिओ जिल अराउजो आणि सहकाऱ्यांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ माणसांना जमिनीवर बसायला आणि शक्यतो हात-गुडघा न टेकता उठायला सांगितलं. ज्यांना फार आधार लागला, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. पाटावर जेवलेल्या आणि उकिडवं बसून भाजी निवडलेल्या पिढीला ही चाचणी नवी वाटणार नाही. ती सवय मोडली ती डायनिंग टेबल आल्यावर. परसात खुरपायला बसणाऱ्या आजीच्या अंगात ती अजून असते. मात्र गुडघे झिजले असतील, तर हट्टानं उकिडवं बसू नये. ठेंगणं स्टूल घ्यावं, नाहीतर कुंड्याच कमरेच्या उंचीवर आणाव्यात.

कुंडी वर आणायची तर वजनाचा प्रश्न येतो. बारा इंची कुंडी ओल्या मातीनं भरली की १५-२० किलोंची होते. ती सरकवताना कंबर धरते आणि बागेशी नातं तिथंच तुटतं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी या अर्थतज्ज्ञानं गच्चीवर शेती करताना मातीच्या जागी उसाची चिपाडं वापरली. रसवंतीवाल्यांकडून फुकट मिळणारी, हलकी, कुजून खत होणारी. त्या वाटेनं पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्याच कचऱ्यावर फळझाडं-भाज्यांची बाग उभी केली. या सगळ्यांच्या आधी श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ या चळवळीतून सांगितलं होतं, की जेमतेम १० गुंठ्यांत पाच माणसांचं घर पोसता येतं आणि पालापाचोळा हेच खरं भांडवल आहे. गणित शिकवणारा हा माणूस पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब मांडत असे. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचं पुस्तक आजही गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या हाती दिसतं. यांच्यापैकी कोणी वृद्धांचा विचार करून हे केलं नव्हतं. पण पालापाचोळ्यानं भरलेली कुंडी सत्तरीची बाई एकटी सरकवू शकते, मातीची नाही.

पाण्याचंही तसंच. लिटरला किलो. दहा लिटरची भरलेली बादली एका हातात घेऊन चालणं म्हणजे तोल घालवणं. दोन-दोन लिटरच्या दोन झाऱ्या दोन हातांत घ्याव्यात आणि चार फेऱ्या माराव्यात. फेऱ्या वाढल्या, तर तो फायदाच.

आता ऋतूचं. युरोपातला वसंत म्हणजे गोठलेली जमीन सुटणं, कुदळ बाहेर काढणं आणि दिवसभर उन्हात उभं राहणं. आपला वसंत उन्हाळ्याचा उंबरठा आहे. पळस-पांगारा पेटतो, कडुनिंबाला मोहोर येतो, मोगऱ्याला कळ्या धरतात, आणि त्याच वेळी विदर्भात पारा चाळिशीकडे निघालेला असतो. म्हणून वसंताची लागवड आपल्याकडे माघातच उरकावी लागते: काकडी, दोडका, कारलं, दुधी, भेंडी, गवार. वाग्भटांनी ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात वसंतातली ऋतुचर्या सांगताना व्यायाम करायला सांगितला आहे, दिवसाची झोप टाळायला सांगितली आहे आणि दुपार बागेच्या, झाडीच्या गारव्यात घालवायला सांगितली आहे. ही शेवटची सूचना आजच्या डॉक्टरांनाही मान्य व्हावी. काम सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळात सावली. वय वाढतं तशी तहान कमी जाणवते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पाणी आणखी झपाट्यानं कमी होतं. वाकून काम केल्यावर झटकन उभं राहिलं, की डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी आधी बसावं, दोन श्वास घ्यावेत, मग उठावं. डॉक्टरांनी पाणी पिण्यावर मर्यादा घातली असेल, तर उन्हाळ्यात किती प्यावं, हे त्यांच्याशी बोलून ठरवावं. सकाळच्या कोवळ्या उन्हाचा ‘ड’ जीवनसत्त्वासाठी फारसा उपयोग होत नाही, पण त्या उजेडानं शरीराचं घड्याळ जागेवर येतं आणि रात्रीची झोप सुधारते. म्हातारपणी हीही मोठी कमाई आहे.

मातीचे धोके लपवून बागेचं कौतुक करणं बरोबर होणार नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन बऱ्याच वृद्धांनी कित्येक वर्षांत घेतलेलं नसतं. गंजलेल्या पत्र्याइतकाच मातीतला काटाही धनुर्वाताला पुरतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तयार मातीच्या पिशवीतून उडणाऱ्या धुळीतल्या लिजिओनेला जिवाणूनं न्यूमोनिया झाल्याची उदाहरणं आहेत, म्हणून तिथे पिशवी उघडताना मास्क लावायची सूचना पिशवीवरच छापलेली असते. आपल्याला जवळचा धोका मेलिऑयडोसिसचा. ओल्या मातीतल्या जिवाणूमुळे होणारा हा आजार पावसाळ्यात बळावतो, कर्नाटकाच्या किनाऱ्यावर त्याचे बरेच रुग्ण आढळले आहेत आणि मधुमेह हे त्याचं सर्वांत मोठं निमित्त. कोकणातल्या परसात चिखलात उतरणाऱ्या मधुमेही माणसानं हे नाव लक्षात ठेवावं, अनवाणी जाऊ नये आणि ताप उतरत नसेल तर मातीत काम केल्याचं डॉक्टरांना सांगावं. पायांची संवेदना गेलेल्या मधुमेह्याला काटा टोचलेला कळतही नाही. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी गुलाबाला हात घालताना हातमोजे घालावेतच.

हे सगळं वाचून घरातली तरुण माणसं म्हणतील, बघा, म्हणूनच आम्ही सांगतो, बसा. पण बूट, हातमोजे, स्टूल, भिंतीला धरायला एक दांडा आणि पाणी न साचणारी खडबडीत लादी, एवढ्या तयारीनं यातलं बरंचसं टळतं. हातातलं काम गेल्यानं जे जातं, ते परत आणण्याची तयारी बाजारात मिळत नाही. नेदरलँड्समध्ये शहरालगतचे छोटे वाफे कसणाऱ्यांची तुलना वाफा नसलेल्या त्यांच्याच शेजाऱ्यांशी झाली. तरुणांत फारसा फरक निघाला नाही. ६२ वर्षांच्या पुढच्या बागवाल्यांची प्रकृती आणि मनाची उभारी मात्र शेजाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली होती. वाफ्याचा उपयोग नेमका ज्यांना जास्त, त्यांच्याच हातून आपण तो काढून घेतो.

पाऊस सरला की वसंताच्या बागेची सुरुवात करायची असते. गॅलरीत एक जुना डबा किंवा भोकं पाडलेली बादली घ्यावी, तळाशी नारळाच्या शेंड्या घालाव्यात, वर वाळका पाला, भाजीची देठं, दिवाळीतल्या झेंडूच्या माळा, आणि मूठभर माती. अधूनमधून पाण्याचा शिपका मारून ते वरखाली करत राहायचं. संक्रांत उलटून माघ लागेपर्यंत ते काळंभोर आणि मातीच्या वासाचं झालेलं असतं. मग काकडीचं बी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवावं. मोड दिसला की एका कुंडीत तीन बिया बोटाच्या पेराएवढ्या खोल टोचाव्यात. आठवड्याभरात तिन्ही वर येतील. कुंडीत जागा एकाच वेलाची असते. दोन खरी पानं फुटली की तिघांतलं कोणतं ठेवायचं आणि कोणतं उपटायचं, हे आजीला विचारावं, आणि तिनं दाखवलेलं ठेवावं. मांडवासाठी सुतळी बांधून द्यावी. पाणी ती घालेल. गुढीपाडव्याच्या सुमारास पहिली काकडी तोडायला तिच्या हातात कात्री द्यावी.